बेनीच्या डोक्यावरचं पाणी

रेजू, पोचलीस ना?

पोचलीच असशील. तू कुठेही टायमावर पोचणारी बाई. चर्चमध्ये मिस्सेला पहिल्या घंटेआधी, लग्नाला नवरीच्या आधी. उशीर व्हायचा तो माझ्यामुळे. या वेळी मला बरोबर घेतलंच नाहीस, म्हणजे वेळेत गेली असशील.

फादर म्हणाले, पॅरिशच्या अंकात रेजिना आंटीबद्दल चार ओळी द्या. मी म्हटलं, फादर, मी चौथीत दोनदा नापास, ओळी कुठून आणू? म्हणून आता मी बोलतोय आणि लीना मोबाइलवर टाइप करतेय. तुझा जन्म कधी, लग्न कधी, चर्चमध्ये काय काय केलंस, ते तिने एका कागदावर काढलं होतं. मी म्हटलं, ते राहू दे, ते सगळं तुझ्या मम्मीला माहीत आहे. मला तिच्याशी बोलायचंय. लीना म्हणाली, "डॅडी, फालतू काही बोलू नका." तुझीच पोरगी.

आधी तुझ्या दफनाचं सांगतो. तू पेटीत होतीस, तुला दिसलं नसेल. अख्खं मरोळ गावठाण आलं होतं. मी तुझ्या आवडीचा निळा सूट घातला, तो पोटावर लागेना, तर मागून लीनाने सेफ्टी पिन लावली. मूठभर माती टाकायची वेळ आली. मी वाकलो, पिन उघडली, टोचली, आणि माती तुझ्यावर पडायच्या ऐवजी फादरच्या बुटांवर पडली. मी ओरडलो "आई गं!" लोकांना वाटलं, बिचारा किती दुःखात आहे. दोन बायका मला धरायला आल्या. दुःखात होतोच गं. पण ते ओरडणं पिनेचं होतं, तुझ्याशी खोटं नाही बोलत.

खोटं नाही बोलत म्हटलं खरं. इथेच तर सगळी वाट लागलीय.

तुला खाली सोडत होते ना, तेव्हा सगळे रडत होते, मी पण. पण माझं रडणं वेगळं होतं. मी घाबरलो होतो. मला वाटलं, आता ही वर जाणार. गेल्या गेल्या पर्स खाली ठेवायच्या आधी विचारणार, बेनी कुठेय? आणि बेनी तिथे नसला तर? तर तिला कळणार की पास्कूने आपल्याला चाळीस वर्षं फसवलं.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल. बेनी आमचा पहिला. लीनाच्या पाच वर्षं आधीचा. सातव्या महिन्यातच आला आणि दीड तास राहिला. लीना, टाइप कर गं. थांबलीस कशाला?

अंधेरीचं ते छोटं मॅटर्निटी होम. दुपारची वेळ. तुला ऑपरेशनचं औषध दिलेलं, तू शुद्धीत नव्हतीस. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मुलगा आहे, पण छाती तयार नाही, तास-दोन तास. फादरना बोलवायला माणूस पाठवला, तर फादर कुणाच्या तरी नव्या घराला आशीर्वाद द्यायला गेलेले. तेव्हा मोबाइल कुठे होते? आणि मला एकच ऐकू येत होतं, तुझ्या आईचं. तुझी आई सात महिने मला तेच सांगत होती, "पास्कू, बाळाचा बाप्तिस्मा लांबवू नकोस हां. पाणी पडायच्या आधी गेलं तर पोर लिंबोत जातं. ना स्वर्ग, ना नरक. आई वर आणि पोर अधांतरी, कधीच भेट नाही." मी हसायचो. म्हणायचो, म्हणजे एस.टी. स्टँडवर बसल्यासारखं का, सासूबाई? गाडी लागतच नाही? त्या मला लाटणं मारायच्या.

त्या दुपारी हसू नाही आलं.

कांबळे सिस्टर होत्या ड्युटीवर. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. जय भीमवाल्या, घाटकोपरच्या, पण आधी कुठल्याशा नन्सच्या दवाखान्यात काम केलेलं. त्याच म्हणाल्या, "पास्कलभाऊ, फादरची वाट बघू नका. तुमच्यात अडचणीच्या वेळी कोणीपण बाप्तिस्मा देऊ शकतं. नन्स द्यायच्या. डोक्यावर पाणी घालायचं आणि ते तीन नावांचं म्हणायचं. मी पाणी आणते." आणलं. स्टीलच्या वाटीत, कोमट करून. एवढासा बेनी, माझ्या वेल्डिंगच्या हातमोज्यात मावला असता. केस मात्र भरपूर, तुझ्यासारखे.

आता बघ. एक वाक्य म्हणायचं होतं. पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो. एवढंच. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे दहा वेळा शिकवलं असेल, आणि दहाही वेळा मी मागच्या खिडकीतून उडी मारून पेरू चोरायला गेलेलो. पहिलं पाणी माझ्याच चपलेवर पडलं. दुसरं त्याच्या डोक्यावर. तिसरं पण. आणि माझ्या तोंडातून निघालं,

"हे प्रभो, आम्हाला आणि तुझ्या हातून मिळालेल्या या अन्नाला आशीर्वाद दे. आमेन."

जेवणाआधीची प्रार्थना. पोराच्या डोक्यावर पाणी घालून मी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, रेजू. कारण मला तेवढी एकच यायची. ती पण देवासाठी नाही शिकलो, लहानपणी ती म्हटल्याशिवाय ताटाला हात लावू देत नव्हते म्हणून शिकलो.

कांबळे सिस्टरने माझ्याकडे बघितलं. विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." डोकं एकदम रिकामं, सगळं पुसलेलं. बेनीने एक जांभई दिली. छोटीशी, मांजराच्या पिल्लासारखी. माझं बोट धरलं. मग थोड्या वेळाने सोडलं.

आणि मी बाहेर येऊन नळाखाली हात धुतला ना, तर सगळं आठवलं. एकेक शब्द. त्या वर्गातल्या मास्तरच्या आवाजात. मी पाणी बंद न करता आत पळालो. सिस्टरने त्याला कपड्यात गुंडाळलं होतं, तोंडावरून पण.

संध्याकाळी तू शुद्धीवर आलीस. पहिलं काय विचारलंस? पोरगा का पोरगी, ते नाही विचारलंस. तू माझं तोंड बघितलंस आणि विचारलंस, "पाणी घातलंस?"

मी म्हटलं, घातलं.

"नीट?"

मी म्हटलं, नीट.

फादर आले, त्यांनी पण विचारलं, मी पण तेच सांगितलं. त्या वेळी अजून म्हातारी माणसं होती, पाणी न पडलेली बाळं सिमेट्रीच्या भिंतीबाहेर पुरायला लावणारी. बेनी आत पुरला गेला, आशीर्वादाच्या जमिनीत, माझ्या खोट्यावर. बनावट पास काढून दिला मी त्याला.

लीना बघ, डोळे पुसतेय आणि टाइप करतेय. तिला पण आजच कळतंय.

क्रॉस मी केला. एमआयडीसीतल्या कारखान्यात, उरलेल्या सळीचा. आयुष्यात हजार ग्रिल केल्या, एक वाकडी नाही गेली, आणि पोराचा क्रॉस डावीकडे कलला. तू म्हणालीस, "राहू दे. झोपेत मान पडल्यासारखा वाटतो." नंतर ती जागा दुसऱ्याला गेली, आपल्याकडे जागाच किती! क्रॉस तेवढा भिंतीला टेकून राहिला. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आपण तिथे जायचो. लोक मेणबत्त्या लावायचे, फुलं ठेवायचे, प्रार्थना म्हणायचे आणि निघायचे. तू मात्र पिशवीतून डबा काढायचीस. सकाळी पिठाचे गोळे सोडून तळलेले फुगे. त्या वाकड्या क्रॉससमोर डबा उघडून हात जोडायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, हे प्रभो, आम्हाला आणि तुझ्या हातून मिळालेल्या या अन्नाला...

माझ्या अंगातून वीज जायची. दर वर्षी. मी म्हणायचो, "अगं, सिमेट्रीत कोण नाश्ता करतं? लोक बघतायत."

"बघू दे. हात जोड."

"भूक नाही मला."

"पास्कू. हात जोड."

मी हात जोडायचो, तोंड बंद. मग तू फुगा मोडून अर्धा मला द्यायचीस. मला वाटायचं, बाईला सकाळी लवकर उठून भूक लागते. एवढीच अक्कल.

आणि घरी? त्या दिवसानंतर मी कधी जेवणाआधी प्रार्थना म्हटली नाही. जीभच वळायची नाही. तुम्ही सगळे डोळे मिटायचे आणि मी तेवढ्यात पहिला घास तोंडात टाकायचो, म्हणजे कुणी मला म्हणायला सांगू नये. तुझी आई म्हणायची, राक्षस आहे. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. म्हणायचीस, "जाऊ दे गं आई, त्याच्या वाटचं मी म्हणते." मी खूश. बायको साधी मिळाली.

तुझी आई जायच्या आधी काय म्हणाली, आठवतं? माझा हात धरून म्हणाली, "पास्कू, बाकी तू काही कामाचा नाहीस. पण तू माझ्या नातवाला वाचवलंस." मी मान खाली घातली. तर तू पलंगाच्या त्या बाजूने म्हणालीस, "आई, पास्कूने नाही वाचवलं. ज्याने वाचवायचं त्यानेच वाचवलं." मला राग आला होता तेव्हा! खोटं का असेना, आयुष्यात एकदा सासूने शाबासकी दिली, ती पण बायकोने काढून घेतली. दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुला फरक पडला नाही. तू म्हणालीस, घरात शांतता आहे.

आणि आपलं ते भांडण तर राहूनच गेलं. बेनी तिथे केवढा असेल? मी म्हणायचो, एकेचाळीस वर्षांचा. टक्कल पडलं असेल, माझ्यावर गेला असेल तर. तू म्हणायचीस, गाढवा, तिथे वय वाढत नाही. मी म्हणायचो, मग काय तो कायम दीड तासाचा? मी गेल्यावर त्याच्याशी बोलायचं काय? तुला हसू यायचं आणि मग तू पदराने चुलीजवळचं पुसायला लागायचीस. शेवटच्या आठवड्यात पण, ऑक्सिजनची नळी नाकात, तू म्हणालीस, "बघून सांगते तुला." मी म्हटलं, "सांगणार कसं?" तू म्हणालीस, "तू येशीलच की."

मग तू गेलीस, आणि मला झोप येईना. नवव्या दिवशी मी जाऊन कन्फेशनला बसलो. नवे फादर आहेत ना, पोरगेलेसे. विचारलं, "किती दिवसांनी आलात?" मी म्हटलं, फादर, तेव्हा तुमचा जन्म व्हायचा होता.

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठली प्रार्थना म्हटलीत?" मी म्हटलं, जेवणाआधीची. जाळीच्या पलीकडून खोकला. तो खोकला नव्हता, रेजू. मी आयुष्यभर लोकांना तसा खोकला आणलाय, मला ओळखता येतो.

मी विचारलं, "फादर, तो बाप्तिस्मा चालला का?"

"नाही, पास्कल अंकल. नियमाने नाही चालला."

बघ, सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

"मग माझा पोरगा कुठेय? लिंबोत?"

"लिंबो जुन्या लोकांनी अंदाजाने सांगितलेलं. चर्चने ते कधी पक्कं केलं नाही. आता आम्ही अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो. त्यांच्यासाठी मिस्सा करतो. येशूने पोरांना जवळ येऊ द्या म्हटलं, तेव्हा कुणाचं सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. देवाने आपल्याला पाण्याशी बांधलंय, अंकल. स्वतःला नाही बांधून घेतलं."

"म्हणजे आहे ना तो वर?"

"आशा आहे."

"आशा म्हणजे नक्की नाही."

"तुम्हाला वेल्डिंगसारखं पाहिजे. हातोडी मारून बघितलं की कळलं, जोड पक्का आहे का. हे तसं नाही."

मी म्हटलं, "फादर, माझं वेल्डिंग तुम्ही बघितलेलं नाही. भिंतीजवळ तो वाकडा क्रॉस आहे ना, तो माझा."

पुन्हा खोकला. मग त्यांनी प्रायश्चित्त दिलं. रोज जेवणाआधी ती प्रार्थना म्हणायची. मी म्हटलं, फादर, दुसरं काहीपण द्या, गुडघ्यावर चर्चला फेऱ्या मारतो. ते म्हणाले, हेच. आणि मी तीन आठवडे एकदा पण म्हटली नाही. ताटासमोर बसायचो, तोंड उघडायचो, आणि घास टाकायचो. राक्षस तो राक्षसच.

तू गेल्याला महिना झाला, त्या मिस्सेचं जेवण घरी ठेवलं. लीनाने तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना बोलावलं. दारात काठी टेकत कोण आलं, तर कांबळे सिस्टर. मला पळायला जागा नव्हती. दर नाताळला त्या आल्या की मला नेमकं बाजारातून काहीतरी आणायचं असायचं, तुला माहीतच आहे. या वेळी बाजारात पाठवणारी तूच नव्हतीस.

त्या माझ्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, "पास्कलभाऊ, आता त्या गेल्या, आता सांगायला हरकत नाही. त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही काय म्हटलंत ते. दुसऱ्याच दिवशी मला विचारलं त्यांनी. म्हणाल्या, सिस्टर, नवऱ्याचं तोंड बघून मला कळतं, काय म्हणाला तो? मी खोटं कसं बोलू? जे ऐकलं ते सांगितलं."

मी विचारलं, "मग?"

"हसल्या. टाके दुखायला लागले तरी हसत होत्या. मग रडल्या. खूप रडल्या. मी घाबरले. मग मला म्हणाल्या, सिस्टर, मला कळलंय हे त्याला कधी सांगू नका. त्याला एवढी एकच प्रार्थना येते. लाजेने ती पण सोडून देईल."

मी सोडलीच होती, रेजू.

"मी म्हटलं त्यांना," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यात असं चालतं का? तर म्हणाल्या, आई म्हणेल नाही चालत. पण बापाने जेवढं होतं तेवढं सगळं दिलं ना पोराला? देव काय त्याच्यापेक्षा कमी बाप आहे?"

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं तू माझ्या समोर बसून जेवलीस, माझ्या वाटचं म्हणत राहिलीस, आणि त्या भिंतीजवळ दर वर्षी मला हात जोडायला लावलेस. मला वाटायचं, मी तुला सांभाळतोय. खोटं बोलून तुला सांभाळतोय म्हणून मी स्वतःची पाठ थोपटायचो! किती मोठा गाढव. तू म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं, प्रेमाने म्हणतेस.

तेवढ्यात पानं वाढून झाली. डुकराचं सोरपोटेल, फुगे, सगळं तुझ्या बाटली मसाल्यातलं, शेवटच्या बाटलीतलं. लीना म्हणाली, "प्रार्थना कोण म्हणणार? मम्मीच म्हणायची." आणि मुंडी वळवून कुणाकडे बघू, असं तिला झालं. माझ्याकडे तर ती बघणारच नव्हती, बाप घास टाकून मोकळा झाला असणार.

मी उठून उभा राहिलो. हात नुकतेच धुतलेले, ओले होते. म्हटलं, "हे प्रभो, आम्हाला आणि तुझ्या हातून मिळालेल्या..." आणि अडकलो. तिथेच. पोराची ती जांभई डोळ्यांसमोर आली. सगळे खाली बघतायत, लीना माझा सूट मागून ओढतेय, आणि कांबळे सिस्टर बसल्या जागेवरून, डोळे उघडे ठेवून, हळूच म्हणाल्या, "...या अन्नाला आशीर्वाद दे."

त्यांच्या लक्षात राहिली होती, रेजू. एकदाच ऐकलेली.

मी म्हटलं, आमेन. मग मी जेवलो. तीन फुगे जास्त खाल्ले. सूटची पिन पुन्हा गेली.

आता रोज म्हणतो. फादरना सांगितलंय. परवा एकटाच सिमेट्रीत गेलो, डबा घेऊन. तुझी माती अजून बसायची आहे. बेनीचा क्रॉस उचलून तुझ्या बाजूला टेकवला. तिथला माळी म्हणाला, "काका, सरळ करून देऊ का?" मी म्हटलं, हात लावू नकोस, झोपलाय तो.

तो दिसला असेल ना तुला? माझं मन सांगतं, दिसला. फादरना नक्की माहीत नाही, मला तर काहीच माहीत नाही, पण तू चाळीस वर्षं रडत बसली नाहीस, फुगे घेऊन गेलीस, यावरून मी समजलो. तो केवढा आहे ते सांगू नकोस. ते भांडण राहू दे, मी येऊन बघतो. मला यायला नेहमीसारखा उशीर होईल. जेवायला माझ्यासाठी थांबू नका. फक्त प्रार्थना तू म्हणू नकोस, बेनीला म्हणायला सांग. येते त्याला. त्याला पण तेवढी एकच येते.